व्हाइसचा तुटका जबडा

तुटताना फार मोठा आवाज झाला नाही. पोलाद मोडायला आलं की आधी वाकतं, कुरकुरतं, माणसाला हात काढून घ्यायला वेळ देतं. बीड असलं काही पाळत नाही. 'टक्' एवढंच ऐकू आलं, माझ्या हातातला पाईप एकदम हलका झाला आणि व्हाइसचा मागचा जबडा बाकावर आडवा पडला.

पाईप हातात कशाला होता, हे सांगणं भाग आहे. पंपाच्या बॉडीत एक बुश बसवायचा होता. हायड्रॉलिक प्रेस शेजारच्या शेडमध्ये आहे. पण तिथे जायचं म्हणजे चहा, गप्पा, अर्धा तास. म्हणून बॉडी आणि बुश समोरासमोर जबड्यात धरून दांडा पिळत बसलो. शेवटचे दोन-तीन मिलिमीटर काही जाईनात. मग कोपऱ्यातला अडीच फुटी पाईप दांड्यावर चढवला. हे पाप न केलेला फिटर मी अजून पाहिलेला नाही. त्याने माझं पाप कमी होत नाही, ते सोडा.

पुस्तकी मराठीत व्हाइसला शेगडा म्हणतात. आमच्या कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात, 'शेगडा द्या' म्हणालात तर समोरचा शेगडी काढून देईल. तेव्हा व्हाइसच म्हणू. सहा इंची, वीस-बावीस किलोचा. वडिलांनी शेड घेतली तेव्हा लेथच्याही आधी बाकावर बसलेला.

संध्याकाळी थोरले मामा आले. त्यांची उमर फाउंड्रीत गेली, बीड ओतण्यात. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. तुटका जबडा उचलून उजेडात नेला आणि वैद्य जीभ बघतो तसे तुटीकडे बघत राहिले.

"पाईप लावला होतास."

"हो."

"किती लांब?"

मी पाईप दाखवला. त्यांनी खिशातून खडू काढला आणि बाकावरच आकडे मांडले.

"दांडा मध्यापासून २५० मिलिमीटर. स्क्रूचा एक आटा ५ मिलिमीटरचा. एका फेऱ्यात तुझा हात फिरतो १५७० मिलिमीटर आणि जबडा सरकतो फक्त ५. म्हणजे ३१४ पट. तू २० किलोनं ओढलंस तर कागदावर सहा टनांच्या वर जातं. आट्यातलं घर्षण त्यातले तीन हिस्से खातं, तरी दीड टन उरतो. आता तुझा पाईप. मध्यापासून अडीच फूट म्हणजे तिप्पट. साडेचार टन!"

"एवढं?"

"दांडा मऊ पोलादाचा का देतात? जास्त जोर आला तर दांडा वाकावा आणि जबडा वाचावा म्हणून. त्यावर पाईप घातलास की ती सोय संपली. पण लेका, सगळं तुझ्या माथी मारत नाही मी. हे बघ."

तुटीचा बराचसा भाग स्वच्छ राखाडी होता, खडीसाखर फोडल्यासारखा दाणेदार. आतल्या कोपऱ्यात मात्र, जिथे जबडा खालच्या अंगाला मिळतो तिथे, अंगठ्याच्या नखाएवढा काळा डाग होता. बोट लावलं तर तेल लागलं.

"हा तडा आजचा नाही. तेल मुरायला वर्षं लागतात. आणि त्याच्या पोटात ही खडबडीत पोकळी दिसते? जाड भाग पातळ भागाला मिळतो तिथे रस सगळ्यात शेवटी गोठतो. गोठताना तो आकसतो. वरून भर घालायला रस पुरला नाही, की आत असं भोक राहतं. धड बिडानं तुझा पाईपही सोसला असता. जबडा मागे ढकलला जातो तेव्हा आतल्या कोपऱ्यावर ओढ येते, आणि बीड दाबाला जेवढं खंबीर तेवढं ओढीला नाही. दाबात ते तीन-चार पट जास्त सोसतं. नेमका ओढीच्या जागी हा डाग. हे आमच्या धंद्याचं पाप आहे, तुझं फक्त शेवटचं बोट."

मला बरं वाटलं, हे कबूल करतो. पण मामांनी पुढचं वाक्य लगेच टाकलं: "भंगारात घाल. उद्या नवा आण."

तेवढ्यात मिस्त्री आले. आमच्या मागच्या गल्लीत त्यांचं गॅस आणि आर्क वेल्डिंगचं दुकान आहे. वास लागल्यासारखे येतात. त्यांनी दोन्ही तुकडे जुळवून धरले. ते इतके नेमके बसले की फट नजरेला दिसेना.

"जुळतंय की, साहेब. भंगारात कशाला?"

"मिस्त्री, बीड जुळतं, सांधत नाही."

"सांधतंय. सांधणारा पायजे."

पुढचा तास-दीड तास मी जवळजवळ गप्पच होतो. दोघांनाही मी लहानपणापासून ओळखतो, दोघांचाही हात वाकडा पडलेला पाहिलेला नाही, आणि दोघं एकाच धातूबद्दल बोलत होते, तरी दोन वेगळ्या गावांबद्दल बोलावं तसं.

मामांनी व्हाइसच्या बुडाकडे बोट केलं. तिथे बोल्टचे दोन कान असतात. त्यातला डावा कान फार पूर्वी तुटलेला. कुणीतरी साध्या रॉडने आर्क मारून चिकटवलेला आणि वेल्डच्या अगदी कडेने पुन्हा तडकलेला. कानसीने त्या कडेवर दोन हात मारले. कानस काचेवर फिरवल्यासारखी घसरली, दात लागेना.

"ऐकलंत? हे सांधणं. साध्या पोलादात कार्बन किती? शंभरात पाव भागसुद्धा नाही. बिडात तीन-साडेतीन. तो बहुतेक सगळा ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांत बसलेला असतो, भांड्यात पोहे पसरल्यासारखा. तुम्ही आर्क मारता, तेवढं बीड वितळतं, आणि भोवतीचं गार बीड त्यातली उष्णता क्षणात शोषून घेतं. कार्बनला ग्रॅफाइट होऊन बाहेर बसायला वेळच मिळत नाही. तो लोखंडात अडकतो. मग हे असं पांढरं, काचेसारखं कडक बीड तयार होतं. वेल्ड गार होताना आकसतो, ओढतो, आणि शेजारचं हे कडक बीड वाकू शकत नाही. मग काय करेल? तडकेल."

"बरोबर हाय," मिस्त्री म्हणाले. मामा थोडे गडबडले. विरोध अपेक्षित होता. "पण साहेब, हे कुणी केलंय बगा. साधा रॉड, करंट फुल्ल, एका दमात सगळा टाका, आन् वर गार व्हायला पाणी मारलं आसंल. बिडाचा तवा चुलीवरनं उतरून कुणी मोरीत धरंल का? आमची आई न्हाई धरायची. तिला तुमचा कार्बन म्हाईत न्हवता."

"तव्याचं काढलंत म्हणून विचारतो. आईचा तवा पडून फुटला तर तिनं तो कधी सांधून घेतला?"

"न्हाई. बाजारातनं नवा आणला."

"मग?"

"मग काय? तव्याला जोड दिला तर भाकरी चिकटंल. व्हाइसला भाकरी टाकायची न्हाई. जुळतंय का न्हाई ह्यो सवालच न्हवं. कुठं तुटलंय आन् तिथं काय येनार हाय, ह्यो सवाल हाय."

मला वाटतं, त्या संध्याकाळी खरं महत्त्वाचं वाक्य हेच पडलं, आणि ते पडल्यावरही दोघं अर्धा तास दुसऱ्याच गोष्टींवर भांडले.

मीही थोडं तेल ओतलं. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा तिच्या बंदरांत जर्मनीच्या बोटी अडकून पडलेल्या होत्या. त्यांच्या खलाशांनी जाता जाता इंजिनांचे बिडाचे सिलिंडर फोडून ठेवले. हिशेब सरळ होता: एवढे मोठे सिलिंडर नव्याने ओतायचे, यंत्रावर घडवायचे, बसवायचे, म्हणजे बोटी दीर्घकाळ निकामी. अमेरिकी नौदलाने ते सिलिंडर जागच्या जागी आर्क वेल्डिंगने सांधले आणि काही महिन्यांत त्याच बोटी सैनिक भरून युरोपकडे निघाल्या.

"आयला," मिस्त्री म्हणाले.

मामा हलले नाहीत. "ती गोष्ट मला माहीत आहे. पण त्यांच्यासमोर दोनच वाटा होत्या, सांधायचं किंवा थांबायचं. तुला नवा व्हाइस उद्या दुपारी रिक्षातून येतो. तोही साध्या बिडाचा नको, एसजीचा घे. ओतण्याआधी रसात थोडं मॅग्नेशियम घातलं की ग्रॅफाइटचे पोहे होत नाहीत, मोहरीसारखे गोळे होतात. पोह्याच्या कडेनं तडा पळतो, मोहरीपाशी अडखळतो. ते बीड मोडायच्या आधी वाकतं, लेका! पोलादासारखं."

हे सांगताना मामांचे डोळे लकाकतात. एसजी लोखंडाबद्दल ते नातवाबद्दल बोलावं तसे बोलतात.

"आणि सांधायचंच असेल तर आमच्या पद्धतीनं सांधू. हे दोन तुकडे चिकटवून पॅटर्न करतो, साचा घालतो, आख्खी बॉडी नवी ओतून देतो."

मिस्त्री हसले. "आन् बारीक हुईल ती."

"शेकडा एक. तेवढी आटणी धरावी लागते. पॅटर्नवर लेप चढवून वाढवता येतं."

"लेप चढवा, वतून आना, मिलिंगला न्या, स्लाइडची खाच काढा, नटाची जागा काढा. नव्या व्हाइसच्या दुप्पट पैसं हुतील. मंग भंगार काय वाईट हुतं?"

इथे मामा खरोखर निरुत्तर झाले, आणि निरुत्तर झालेला माणूस तत्त्वज्ञानाकडे वळतो. "मिस्त्री, तुम्हाला वस्तू दिसते. मला धातू दिसतो. बीड कधी मोडतच नाही. ते परत भट्टीत येतं, बाराशे अंशांच्या आसपास सगळं विसरून पुन्हा रस होतं. त्यातून पुली होईल, पंप होईल. तुम्ही सांधलेल्या वस्तूत मात्र आतून ताण राहतो. वरून शेंदूर, आत काय, ते कळत नाही."

"साहेब, तुमच्या भट्टीत गेल्यावर धातू ऱ्हातो, व्हाइस ऱ्हात न्हाई. गटाराचं झाकण हुतंय. ह्या दादाला गटाराचं झाकण नगंय."

खरं तर दादाला काय हवंय, हे कुणी विचारलं नव्हतं. पैशाचा हिशेब केला तर मामांचं बरोबर होतं, आजही आहे. कामाला जुंपलेलं हत्यार मोडलं, तर त्याच्या दुरुस्तीत दोन दिवस घालवणं परवडत नाही. वडिलांची आठवण वगैरे मी मध्ये आणणार नाही; वडिलांनी स्वतःच तो भंगारात घातला असता आणि त्या दिवशीचं काम दुसऱ्याच्या व्हाइसवर उरकलं असतं. मला फक्त बघायचं होतं. इतकी वर्षं 'बीड वेल्ड होत नाही' आणि 'बीड वेल्ड होतं' ही दोन्ही वाक्यं सारख्याच खात्रीने ऐकत आलो होतो. मामांना म्हटलं, नवा आणतोच, पण हा मिस्त्रींना देऊ.

"दे," मामा म्हणाले. "रविवारी मी येतो बघायला."

मिस्त्रींनी तिथेच काम वाटून टाकलं. कान आर्कने, निकेलच्या रॉडने. जबडा पितळेने, गॅसवर.

"दोन्हीला निकेल का नाही?" मी विचारलं.

"निकेलचा रॉड म्हंजे चांदी वितळवायची, दादा. एवडा जाड जबडा भरायला डबा रिकामा हुईल. आन् आर्कमदी बीड वितळतंयच. पितळेत बीड वितळवायचंच न्हाई. बीड निस्तं लाल करायचं, पितळ पाण्यागत त्याच्यावर पसरतंय. बीड वितळलं न्हाई तर तुमच्या मामांचं ते पांढरं बीड येनार कुठनं?"

मामांनी मान डोलावली, नाइलाजाने. हा मुद्दा धातुशास्त्राचा होता आणि त्यांच्याच शास्त्राचा. बीड साधारण ११५० अंशांपासून वितळायला लागतं. तांबं-जस्ताचा झाळकामाचा रॉड नऊशेच्या आतच पातळ होतो. मधल्या अडीचशे अंशांत मिस्त्रींचा सगळा धंदा बसलेला आहे.

"पण एक लक्षात ठेव," मामा मला म्हणाले, "पितळ एकदा आत शिरलं की परतीची वाट नाही. उद्या हा जोड सुटला, तर त्या जागी आर्क धरणार नाही. आणि हे धूड माझ्या भट्टीत भंगार म्हणून आलं तर जस्ताचा धूर मीच खाणार."

रविवारी सकाळी गेलो तेव्हा मिस्त्रींनी स्क्रू, नट, जबड्यांच्या पोलादी पट्ट्या, सगळं काढून ठेवलं होतं. पहिलं काम तेल जाळण्याचं. जुन्या बिडाच्या पोटात किती तेल असतं, हे त्या दिवशी कळलं. ज्योत फिरवली की तुटलेल्या तोंडातून काळे थेंब फुटायचे, धूर निघायचा. पुसावं, पुन्हा तापवावं, पुन्हा थेंब. तीन वेळा झालं. मग दोन्ही तोंडांना ग्राइंडरने उतार दिला, पण सगळीकडे नाही. तीन ठिकाणी चणाडाळीएवढी मूळ तूट तशीच ठेवली.

"ही खूण," मिस्त्री म्हणाले. "सगळं घासलं तर जबडा नेमका कुठं बसवायचा ते कुनाला इचारनार? ह्या तीन दाण्यांवर त्यो आपला आपन बसतोय."

मला या कामातली सगळ्यात हुशार गोष्ट हीच वाटली. मामांनाही वाटली असावी. त्यांनी वाकून ते तीन दाणे बोटाने चाचपून पाहिले आणि काही बोलले नाहीत.

ग्राइंडरनंतर मिस्त्रींनी कानस घेतली. घासलेलं तोंड आधीच चकचकीत दिसत होतं, म्हणून मी विचारलं, आता कशाला? त्यांनी बोट फिरवून दाखवलं. बोटाला पेन्सिलीच्या शिशासारखा काळा लेप लागला. ग्राइंडर ग्रॅफाइट काढत नाही, पुसून सगळ्या तोंडावर पसरवतो, आणि त्या लेपावर पितळ धरत नाही. कानसीने वरचा पापुद्रा सोलला, मग ऑक्सिजन थोडा जास्त ठेवून ज्योतीने उरलेलं ग्रॅफाइट जाळलं. मामा म्हणाले, दोन स्टड तरी घाला आत. मिस्त्री म्हणाले, भोक पाडलं की तेवढं बीड कमी होतं. स्टड राहिले.

विटांचा आडोसा केला होता, त्यात लोणारी कोळसा. बॉडी आणि जबडा लोखंडी पट्टीने एकमेकांवर आवळून, पण तापल्यावर फुगायला जागा ठेवून, दोन्ही निखाऱ्यांत बसवले. फक्त जोडच तापवला तर तो फुगेल, बाकीचं गार बीड फुगणार नाही, आणि दुसरीकडेच तडा जाईल. म्हणून सगळं अंगच तापवायचं. मामांनी फाउंड्रीतून ४०० अंशांचा खडू आणला होता. त्या तापमानाला पोचलं की खडूची रेघ वितळते. मिस्त्री मात्र मधूनमधून सुकी काडी टेकवून तिचं टोक कसं काळं पडतंय ते बघत होते. त्यांनी 'झालं' म्हटलं आणि साधारण दोन मिनिटांनी मामांची रेघ वितळली. मामांनी खडू खिशात ठेवला.

मग टाकणखार. रॉडचं टोक तापवून टाकणखारात बुडवलं, ते पांढरं फुगीर आवरण घेऊन बाहेर आलं. बीड अंधारात जेमतेम दिसावं अशा लालीवर होतं. ज्योतीने जोडाची जागा आणखी उजळली. पहिला थेंब पडला आणि पाऱ्यासारखा गोळा होऊन पळाला.

"गार हाय अजून."

दुसरा थेंब पडला, थांबला, आणि मग एकाएकी सपाट होऊन कोपऱ्यात शिरला. मिस्त्रींनी आधी दोन्ही उतारांवर असा पातळ हात फिरवून घेतला, जणू भिंतीला पहिला चुना. मग तळापासून भरायला सुरुवात. आतला कोपरा आधी, ओढीचा; पाठीची बाजू नंतर. मध्येच एकदा ज्योत जवळ गेली आणि पांढरा धूर उठला.

"जस्त जळलं," मामा पटकन म्हणाले.

"दिसलं," मिस्त्री म्हणाले आणि हात वर घेतला. आम्ही वाऱ्याच्या बाजूला सरकलो. त्यांच्या दुकानात फळीवर गुळाचा डबा असतो. असल्या धुराच्या दिवशी सगळ्यांनी खडा खायचा, अशी तिथली रीत. मामा म्हणाले, गुळाचा धुरावर काही उपाय होत नाही. आणि दोन खडे खाल्ले.

काम पाऊण तास चाललं. शेवटी राखाडी बिडात बोटभर रुंद सोनेरी पट्टा उभा राहिला. पुन्हा सगळं अंग सारखं तापवून घेतलं आणि मग अर्ध्या पिंपात, गुऱ्हाळाच्या चुलवाणातून आणलेली राख आणि चुन्याची भुकटी यांत व्हाइस गाडून टाकला.

"उद्या सकाळपातूर हात न्हाई लावायचा. इचारायचं बी न्हाई."

राखेत गाडलेला व्हाइस ऐकू येत नाही, तरी आम्ही तिघं थोडा वेळ पिंपाभोवती उभे राहिलो, आतून 'टण्' होतंय का याचा कानोसा घेत.

सोमवारी बाहेर काढला तेव्हा तो अजून कोमट होता. मामांनी छोटी हातोडी मागितली. बाजारात मडकं घेताना वाजवून बघतात ना, तसं त्यांनी जबड्यावर एक टोला दिला, बॉडीवर एक, पुन्हा जबड्यावर. दोन्हीकडून सारखा भरीव आवाज. तडा असता तर भद्द बोलला असता. त्यांनी सोनेरी पट्ट्याच्या कडेने कानस फिरवली. ती छान लागली. बीड निघालं, पितळ निघालं, कुठे घसरली नाही. मिस्त्री दुसरीकडे बघत होते, पण कान इकडे होता.

"पितळ बरं भरलंय," मामा म्हणाले. "पोकळी होती ती जागा पण भरली."

"मूळ वतलं हुतं त्यापरास बरं भरलं आसंल," मिस्त्री म्हणाले.

मामांनी हे ऐकून घेतलं. फाउंड्रीवाल्याला याहून जास्त काय बोलणार!

मग कान. हे सोपं काम, असं सगळ्यांनी धरलेलं होतं. मिस्त्रींनी जुना वेल्ड छिन्नीने आणि ग्राइंडरने काढला, मशीनचा करंट उतरवला, डब्यातून बारीक निकेलचा रॉड काढला. एक इंचाचा टाका. लगेच छोट्या हातोडीने त्यावर टकटक, म्हणजे गार होताना धातू आकसण्याऐवजी थोडा पसरतो. मग हात ठेवता येईल इतकं गार होईपर्यंत थांबायचं. दुसरा टाका विरुद्ध टोकाला. पुन्हा थांबायचं. चौथ्या टाक्यानंतर आम्ही चहा घेत होतो. कप अर्धे झाले असतील.

'टण्.'

कुणीच काही बोललं नाही. मिस्त्रींनी कप खाली ठेवला आणि उठले. निकेलचा टाका शाबूत होता. त्याच्या बाजूने केसाएवढी रेघ गेली होती. कानस लावली. घसरली. जुन्या साध्या रॉडने केलेलं ते काचेसारखं बीड खाली अजून शिल्लक होतं, ग्राइंडरला दिसलं नव्हतं.

"माजी चूक," मिस्त्री म्हणाले. "कानस आदी लावायला पायजे हुती. साहेबांनी परवा लावून दाखवली, तरी मी लावली न्हाई."

मामांच्या तोंडावर आनंद नव्हता, हे मी मुद्दाम नोंदवतो. मला तो अपेक्षित होता. त्यांनी खडू काढला आणि बाकावर चित्र काढायला लागले. "कान सोडून द्या. पुन्हा तापवू नका, पलीकडे पितळ आहे. बुडाच्या कडेवर वरून पट्टी टाकू, १० मिलिमीटर जाड. तिच्या दोन टोकांना बोल्ट, ते सरळ बाकात. पट्टी बुडाला दाबून धरेल. बीड दाबाला खंबीर असतं, ओढ त्याच्यावर येतच नाही. कान नसलेलाही चालतो."

"सांधायचंच न्हाई मंग?"

"नाही."

मिस्त्रींनी चित्र उलट बाजूने वाकून पाहिलं. "पट्टी आडवी नगं, तिरकी घ्या. न्हाईतर पाना फिरायला जागा ऱ्हात न्हाई." मामांनी बोटाने पुसून तिरकी काढली.

जबड्याबाबत मिस्त्रींनी मला तीन अटी घातल्या. बुश दाबायला प्रेस वापरायचा, मग शेजारी कितीही चहा होवो. व्हाइसमध्ये धरून कुठलीही वस्तू ज्योतीने लाल करायची नाही, कारण पितळ तापलं की बिडाच्या किती तरी आधी हात टेकतं. तिसरी अट त्यांनी तोंडाने सांगितली नाही.

आमच्या शेडमध्ये पट्टी कापून झाली, भोकं पाडली. बुडाची कडा बाकापासून इंचभर उंच, त्यामुळे पट्टीच्या दोन्ही टोकांखाली तेवढ्याच उंचीचे पोकळ ठोकळे लागत होते, आतून बोल्ट जाईल असे. मी म्हटलं, लेथवर दोन बुश काढून देतो. मिस्त्री तोवर कोपऱ्यात गेले होते. त्यांनी तो अडीच फुटी पाईप उचलला, आतलं भोक बोटाने मापलं, हॅकसॉ घेतली आणि नव्या व्हाइसमध्ये धरून इंच-इंचाचे दोन तुकडे कापले. मग उरलेल्या पाईपकडे बघून, गरज नसताना, मधोमध आणखी एक काप घातला.